ग्रुप आणि रोल: परवानगी नेमकी कुठे ठेवायची?

ईआरपी (कंपनीचे हिशेब, खरेदी वगैरे सांभाळणारं सॉफ्टवेअर) असो वा सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी सांभाळणारं), सेटिंग्जमध्ये ‘ग्रुप’ आणि ‘रोल’ शेजारी शेजारी दिसतात. घाईतला ॲडमिन जे आधी हाताला लागेल त्यात परवानग्या टाकून मोकळा होतो. काम चालू राहतं, म्हणून घोळ लवकर लक्षात येत नाही.

ग्रुप ही माणसांची यादी. हिशेब विभागातले लोक, एखाद्या प्रकल्पावरची टीम. रोलला माणसांइतकंच कामाशी देणंघेणं असतं: बिल तयार करणं, मंजूर करणं, कराचे दर बदलणं. संगणक-सुरक्षेचे अभ्यासक रवी संधू आणि सहकाऱ्यांनी १९९६ च्या निबंधात हा फरक नेमका मांडला होता. ग्रुप म्हणजे युजरचा संच; रोलच्या एका बाजूला युजर आणि दुसऱ्या बाजूला परवानग्या. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे चांगलं दिसतं. ग्रुपमध्ये कोण आहे हे एक-दोन फाइलींत सापडतं, पण त्या ग्रुपला काय काय करता येतं हे पाहायला सगळ्या फाइलींची झडती घ्यावी लागते. रोलकडून दोन्ही उत्तरं सहज मिळायला हवीत.

मात्र सॉफ्टवेअरमधल्या पाटीवर विसंबू नका. ओडू या ईआरपीमध्ये परवानग्या थेट ग्रुपलाच जोडतात. नाव ग्रुप, काम रोलचं. सॅप या दुसऱ्या ईआरपीमध्ये उलट. तिथला युजर ग्रुप मुख्यतः कोणत्या युजरची खाती कोणत्या ॲडमिनने सांभाळायची, हे ठरवायला वापरतात. बिलं, खरेदी यांच्या परवानग्या रोलमधून येतात. प्रकल्पांची कामं सांभाळणाऱ्या जिरामध्ये ग्रुप सगळ्या प्रकल्पांना सामाईक, तर प्रोजेक्ट रोलमधली माणसं प्रत्येक प्रकल्पात वेगळी असू शकतात.

खरी गोम कॉन्फिगरेशनच्या, म्हणजे प्रणालीच्या सेटिंग्ज बदलण्याच्या परवानग्यांत आहे. चुकीचं बिल एका ग्राहकापुरतं असतं, पण चुकीचा करदर त्यानंतरच्या प्रत्येक बिलात उतरतो. आता समजा, कराच्या सेटिंग्ज बदलण्याचा हक्क तुम्ही ‘हिशेब विभाग’ या ग्रुपला दिलात आणि तो ग्रुप कंपनीच्या डिरेक्टरीतून (कर्मचाऱ्यांच्या खात्यांच्या मध्यवर्ती यादीतून) आपोआप सिंक होतो. नवा प्रशिक्षणार्थी रुजू झाला, कुणीतरी त्याला नेहमीप्रमाणे विभागाच्या यादीत घातलं, आणि पहिल्याच दिवशी करदर त्याच्या हातात आले. यादीत नाव घालणाऱ्याला आपण इतका मोठा हक्क देतोय याची कल्पनाही नसते. ग्रुपची सदस्यता ज्याच्या हातात, परवानगीही त्याच्याच हातात. माझ्या मते परवानग्यांचा आढावा घेताना सगळ्यात आधी हेच तपासावं, आणि बहुतेकदा हेच राहून जातं.

दुसरी अडचण बेरजेची. अनेक प्रणालींत वेगवेगळ्या वाटांनी आलेले हक्क एकत्र जमा होतात. कुबरनेटीस या सर्व्हरवरची ॲप्लिकेशन्स चालवणाऱ्या प्रणालीच्या रोल-पद्धतीत तर ‘नाकारा’ असा नियमच नाही. त्यामुळे हिशेबातून खरेदीत गेलेल्या माणसाचा जुना ग्रुप कुणी काढला नाही, तर पुरवठादाराची नोंदही तोच करणार आणि त्याचं बिलही तोच मंजूर करणार. विंडोजमध्ये ‘नाकारा’ लिहिता येतं, पण नको तिथे आलेले हक्क त्याने झाकत बसलं की काही दिवसांनी कुणाला काय दिलंय याचा पत्ताच लागत नाही.

म्हणून रोजच्या कामाचे रोल खुशाल ग्रुपला जोडा; नाहीतर एकेका युजरला हक्क देता देता दमछाक होईल. कॉन्फिगरेशनचे रोल मात्र नावानिशी ठरवलेल्या मोजक्या माणसांना द्या. सोय असेल तर मुदत घालून. त्यासाठी वेगळा ग्रुप करायचाच असेल, तर त्याची सदस्यता डिरेक्टरीच्या आपोआप चालणाऱ्या सिंकबाहेर ठेवा.

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसने २००५ मध्ये ८.१ आवृत्तीत युजर आणि ग्रुप दोन्ही मोडीत काढून सगळ्यांना ‘रोल’ केलं, तेव्हा एवढा फरक करायची गरज काय, असं कुणी विचारेल. डेटाबेसमध्ये कोणाला कशात घालायचं आणि त्याला काय करता यावं, हे बहुधा एकच ॲडमिन ठरवतो, म्हणून तिथे ते खपतं. जिथे माणसांची यादी एक विभाग सांभाळतो आणि सेटिंग्ज दुसरा, तिथे दोन्ही वेगळे ठेवावेच लागतात.