दमावंद: पुराणकथेतला पर्वत आणि भूशास्त्रातला ज्वालामुखी

नवव्या शतकाच्या सुमारास पहलवी या जुन्या इराणी भाषेत संकलित झालेल्या ‘बुंदहिश्न’ या जरथुश्त्री, म्हणजे पारशी धर्माच्या ग्रंथात पर्वतांच्या जन्माची कथा आहे. त्या कथेनुसार पृथ्वी मुळात सपाट होती. दुष्ट शक्तीने सृष्टीवर हल्ला चढवला तेव्हा पृथ्वी हादरली आणि तिच्यातून पर्वत उगवू लागले. त्यांत सर्वांत आधी उगवला तो अल्बुर्झ, म्हणजे जुन्या अवेस्ता भाषेतला ‘हरा बेरेझैती’. इराणमधला दमावंद ज्या रांगेत आहे तिला पुढे हेच नाव मिळाले. त्याची वाढ पूर्ण व्हायला ८०० वर्षे लागली: पहिल्या २०० वर्षांत तो ताऱ्यांपर्यंत पोहोचला, पुढच्या २०० वर्षांत चंद्रापर्यंत, त्यानंतरच्या २०० वर्षांत सूर्यापर्यंत आणि शेवटच्या २०० वर्षांत अनंत प्रकाशाच्या लोकापर्यंत. तारे चंद्रापेक्षा पृथ्वीला जवळचे आहेत ही कल्पना आज चमत्कारिक वाटते, पण प्राचीन इराणी विश्वरचनेत आकाशाचे थर याच क्रमाने मांडलेले होते.

हा पर्वत कोणत्या देशात होता, असा प्रश्न सुरुवातीलाच विचारला तर गफलत होते. अवेस्ता या जरथुश्त्री धर्मग्रंथातल्या सूक्तांमध्ये ‘हरा’ हा प्रामुख्याने विश्वाचा सांगाडा आहे. तो पृथ्वीला कड्यासारखा वेढून आहे आणि त्याच्या तएरा नावाच्या शिखराभोवती सूर्य, चंद्र व तारे फिरतात. त्याच्यावर मिथ्र या देवतेचे निवासस्थान आहे, आणि तिथे रात्र नाही, अंधार नाही, थंड वा तप्त वारा नाही, प्राणघातक रोगही नाही. हओम ही यज्ञातील पवित्र वनस्पती याच पर्वतावर रुजली. त्याच्या हुकैर्य या शिखरावरून अरेद्वी सूरा अनाहिता ही नदीदेवता वोउरुकश या महासागराकडे झेपावते. ऋग्वेदात सोमाचे नाते मूजवत पर्वताशी सांगितले आहे आणि पुराणांत सूर्य मेरूला प्रदक्षिणा घालतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वर्णनात पुष्कळ ओळखीचे सापडेल. भारतीय आणि इराणी परंपरा एकाच जुन्या भाषिक व सांस्कृतिक मुळापासून फुटल्या असल्यामुळे हे साम्य अपेक्षितच आहे.

या विश्वरचनेतला सर्वांत विचार करण्याजोगा भाग म्हणजे पर्वतातील झरोके. बुंदहिश्न सांगतो की अल्बुर्झला पूर्वेकडे १८० आणि पश्चिमेकडे १८० झरोके आहेत, आणि सूर्य रोज पूर्वेच्या एका झरोक्यातून आत येतो व पश्चिमेच्या एका झरोक्यातून बाहेर जातो. वरवर पाहता ही निव्वळ कवीकल्पना वाटेल. प्रत्यक्षात तिच्यामागे क्षितिजाचे काळजीपूर्वक केलेले निरीक्षण आहे. सूर्य दररोज नेमक्या पूर्वबिंदूवर उगवत नाही. डिसेंबरातल्या अयनदिनापासून जूनमधल्या अयनदिनापर्यंत त्याचे उगवण्याचे ठिकाण क्षितिजावरून उत्तरेकडे सरकत जाते आणि नंतर त्याच वाटेने दक्षिणेकडे परतते. जाताना एक झरोका दररोज आणि येताना पुन्हा तोच, असा हिशेब धरला तर १८० झरोक्यांत ३६० दिवस बसतात, आणि तेवढ्याच दिवसांचे बारा महिने जरथुश्त्री पंचांगात आहेत. खरे तर सूर्याचे हे सरकणे समान गतीने होत नाही. विषुवदिनाच्या आसपास ते झपाट्याने होते आणि अयनदिनाच्या आसपास इतके मंदावते की काही दिवस सूर्य एकाच जागी थबकल्यासारखा भासतो. झरोक्यांच्या योजनेत हा बारकावा नाही, पण तिच्यामुळे वर्ष, दिवस आणि क्षितिज ही तिन्ही एका चित्रात बसली. राहिले वर्षाअखेरचे पाच अधिक दिवस. त्यांच्या झरोक्याचा उल्लेख ग्रंथकर्ता मुद्दाम टाळतो, आणि त्याचे कारणही देतो: तो सांगितला तर दैत्यांना गुपित कळेल आणि ते घात करतील. पंचांगातला न जुळणारा हिशेब इतक्या कौशल्याने मिटवल्याची उदाहरणे फार सापडणार नाहीत.

याच ग्रंथात असेही म्हटले आहे की इतर सर्व पर्वत अल्बुर्झच्या मुळांपासून फुटले, आणि ही मुळे जमिनीखाली एकमेकांत गुंतून पृथ्वीला घट्ट धरून ठेवतात. पर्वतांना खोलवर मुळे असतात हे आधुनिक भूशास्त्रही मानते. हिमालयाचे गुरुत्वाकर्षण त्याच्या आकारमानाच्या मानाने कमी का भरते, या भारतातल्या सर्वेक्षणातून उद्भवलेल्या कोड्याचे उत्तर देताना १८५५ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी हलक्या खडकांची मुळे पर्वतांखाली खोलवर गेलेली असावीत, अशी मांडणी केली. मात्र प्राचीनांना हे आधीच ठाऊक होते, असा अर्थ कोणी काढू नये. एका ठिकाणी झाडाच्या रूपकातून सुचलेली प्रतिमा आहे, तर दुसऱ्या ठिकाणी पर्वताच्या ओढीने ओळंबा किती झुकतो याचे मोजमाप.

हा आकाशातला पर्वत जमिनीवर उतरला तो नंतर. अवेस्तातला ओळखता येण्याजोगा भूगोल बव्हंशी पूर्व इराणी प्रदेशाचा, म्हणजे आजचा अफगाणिस्तान आणि मध्य आशियाचा आहे. इराणी भाषा बोलणारे लोक जसजसे पसरत गेले तसतसे हे नाव वेगवेगळ्या उंच पर्वतांना मिळत गेले. कास्पियन समुद्राच्या दक्षिणेची अल्बुर्झ रांग आणि कॉकेशसमधले एल्ब्रुस शिखर ही दोन्ही नावे त्यातूनच आली. फिर्दौसी या कवीने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘शाहनामा’ या इराणी महाकाव्यातसुद्धा अल्बुर्झची जागा पक्की नाही. पुढे वीर म्हणून गाजणाऱ्या बाळ फरीदूनला वाचवण्यासाठी त्याची आई फरानक त्याला अल्बुर्झवर नेते, तेव्हा ती हिंदुस्थानच्या सीमेकडे निघाल्याचे सांगते. तेहरानजवळच्या रांगेला हे वर्णन लागू पडणे शक्य नाही.

तेहरानच्या ईशान्येला सुमारे ७० किलोमीटरवर असलेला दमावंद हा त्या रांगेचा मुकुटमणी. वेगवेगळ्या मोजण्यांत त्याची उंची ५,६०९ ते ५,६७१ मीटर भरते. तो इराणमधला सर्वोच्च पर्वत आणि आशियातला सर्वांत उंच ज्वालामुखी आहे. त्याच्या आजच्या शंकूची घडण गेल्या सुमारे सहा लाख वर्षांतली असून, त्याखाली त्याहून जुन्या ज्वालामुखीचे अवशेष आहेत. अरबी भूपट्ट उत्तरेकडे रेटला जात असल्यामुळे अल्बुर्झ रांग घड्या पडून उंचावली. दमावंदच्या खाली मात्र बुडणाऱ्या सागरी पट्टाची नेहमीची मांडणी सापडत नाही. भूकवचाखालचा जड थर सुटून खाली गेला आणि त्या जागी तप्त प्रावरण, म्हणजे खोलवरचा खडक, वर आले, असे एक स्पष्टीकरण त्यासाठी दिले जाते.

झह्हाकची कथा याच दमावंदशी निगडित आहे. शाहनामातला हा जुलमी राजा म्हणजे अवेस्तातला अझी दहाक, तीन तोंडांचा, तीन डोक्यांचा आणि सहा डोळ्यांचा सर्पासुर. फिर्दौसीने त्याला माणसाचे रूप दिले, पण दोन्ही खांद्यांवर साप ठेवले, आणि त्या सापांना रोज दोन तरुणांचा मेंदू खायला लागे. कावे नावाच्या लोहाराने बंड उभारले आणि फरीदूनने झह्हाकला जिंकले. तरीही त्याला ठार न करता दमावंदच्या गुहेत जखडून ठेवण्याची आज्ञा झाली. तसे का, याचे उत्तर ‘दीनकर्द’ या पहलवी ग्रंथात मिळते: त्याला कापले तर त्याच्या देहातून बाहेर पडणाऱ्या विषारी जीवांनी सारे जग भरून गेले असते. काळाच्या अखेरीस तो बंधनातून सुटेल आणि तेव्हा केरेसास्प हा वीर त्याचा वध करील, असे भाकीत आहे.

पोटात राक्षस कोंडलेला, धूर ओकणारा पर्वत म्हटल्यावर ही प्राचीन उद्रेकाची आठवण असणार, असा निष्कर्ष सहज काढला जातो. मला तो घाईचा वाटतो. दमावंदच्या पश्चिम उतारावरचा सर्वांत तरुण लाव्हा सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीचा आहे. युरेनियम आणि थोरियम यांच्या ऱ्हासातून हेलियम तयार होऊन स्फटिकांत साठतो, त्याच्या प्रमाणावरून हे वय काढले आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते इराणी भाषिक लोक या पठारावर आले ते त्यानंतर काही हजार वर्षांनी. शिवाय सर्पासुराची कथाही दमावंदशी जोडली जाण्याआधीची आहे. ऋग्वेदात त्रित आप्त्य हा वीर तीन डोक्यांच्या, सहा डोळ्यांच्या शत्रूला मारतो, आणि अवेस्तात आथ्व्य कुळातला थ्रएतओन, म्हणजेच पुढचा फरीदून, हुबेहूब तशाच शत्रूला मारतो. तेव्हा कथा आधीच तयार होती, तिला फक्त जागा हवी होती. त्यासाठी उद्रेकाची गरजही नव्हती. शिखराजवळच्या भेगांतून आजही गंधकयुक्त वाफा निघतात, खडकांवर पिवळा थर साचतो आणि पायथ्याशी लारिजान इथे गरम पाण्याचे झरे आहेत. एवढी सामग्री पुरेशी होती.

दहाव्या शतकातल्या अबू दुलफ या अरब प्रवाशाने लोकांकडून ऐकले की डोंगरातला धूर हा बंदिवानाचा श्वास आहे. तो मोठ्या कष्टाने वर चढला आणि त्याला आढळला गंधकाचा झरा. नासिर खुस्रो हा फारसी कवी आणि प्रवासी १०४६ मध्ये या भागातून गेला. त्याने ऐकल्याप्रमाणे, लोक माथ्यावरच्या विवरातून नवसागर आणि गंधक काढत, गाईच्या कातड्यांत भरत आणि वाट नसल्यामुळे ती कातडी वरून सरळ गडगडत सोडत. राक्षसाच्या तुरुंगातून माल काढून विकण्यात त्यांना काही अडचण वाटत नसावी.

जरथुश्त्री धर्मात मृताच्या आत्म्याला ओलांडावा लागणारा चिन्वत पूलही याच विश्वपर्वताशी जोडलेला आहे, आणि मुंबईतले पारशी मृत्यूनंतर चौथ्या दिवसाच्या पहाटे जे विधी करतात ते आत्म्याच्या त्या प्रवासासाठीच असतात. मुंबईत १८५८ मध्ये जन्मलेल्या बेहरामशाह श्रॉफ यांनी तर तरुणपणी दमावंदच्या अंतर्भागात राहणाऱ्या गुप्त ज्ञानी पुरुषांकडून शिक्षण घेतल्याचे सांगितले. त्यांच्या शिकवणीतून ‘इल्म-ए-क्ष्नूम’ हा पंथ उभा राहिला आणि जोगेश्वरीच्या बेहराम बागेत त्याचे अनुयायी आजही आहेत. भूशास्त्राला त्या वस्तीचा पत्ता लागलेला नाही, पण नव्या कथेलाही तोच डोंगर निवडावासा वाटला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

इराणमध्ये दमावंदचे चित्र १०,००० रियालच्या नोटेवर छापले गेले आणि २००८ मध्ये राष्ट्रीय वारशाच्या यादीत त्याची नोंद झाली. त्याचा राष्ट्रीय दिवस इराणी पंचांगातल्या तीर महिन्याच्या १३ तारखेला, म्हणजे साधारण ४ जुलै रोजी साजरा होतो. तीरगान या प्राचीन सणाचाही तोच दिवस आहे. इराण आणि त्याचा कथांमधला शत्रुदेश तूरान यांची सीमा ठरवण्यासाठी आरश या धनुर्धराने आपले सारे प्राण बाणात ओतून तो सोडल्याची कथा या सणाशी जोडलेली आहे. अवेस्तात त्याने बाण सोडलेल्या डोंगराचे नाव वेगळे आहे, पण आज बहुतेक इराणी लोक तो बाण दमावंदवरूनच सुटला असे सांगतात.