व्हिडिओ गेमची प्री-ऑर्डर

गेम बाजारात येण्याआधीच पूर्ण किंमत किंवा विसार भरून आपली प्रत राखून ठेवण्याची पद्धत. खेळाडू आणि गेमउद्योग यांना तिचा कितपत फायदा होतो, यावर २०१० नंतर बराच वाद झाला आहे.

कार्ट्रिज आणि डिस्कच्या काळात या पद्धतीमागे साधे कारण होते. दुकानात प्रती मोजक्या येत आणि गाजावाजा झालेला गेम पहिल्याच दिवशी संपे. अमेरिकेत गेमस्टॉपसारख्या दुकानांत पाच डॉलर भरले की प्रत बाजूला ठेवली जाई. किती डिस्क काढायच्या, कोणत्या दुकानाला किती पाठवायच्या, याचा अंदाज प्रकाशकाला या नोंदींवरून येई. मराठी प्रकाशक खंडात्मक ग्रंथांसाठी प्रकाशनपूर्व सवलत देतात, त्यामागचा हिशेबही असाच असतो. मात्र तिथे वाचकाला किंमत खरोखर कमी पडते. गेमच्या प्री-ऑर्डरमध्ये बहुधा पूर्ण किंमतच मोजावी लागते.

स्टीम किंवा प्लेस्टेशन स्टोअरसारख्या डिजिटल दुकानांत प्रत कधी संपतच नाही. म्हणजे मूळ कारण उरले नाही, तरी पद्धत टिकली; कारण परीक्षणे येण्याआधीच विक्री पक्की होणे प्रकाशकाच्या सोयीचे असते. टंचाई नसल्यामुळे मग आमिषे आली: जादा पोशाख, शस्त्रे, एखादी मोहीम, महागडी आवृत्ती घेणाऱ्यांना काही दिवस आधी प्रवेश. ‘बॅटमॅन: अर्खम नाइट’मध्ये हार्ले क्विन या पात्राचा भाग प्री-ऑर्डर करणाऱ्यांसाठी होता, तर रेड हूड या पात्राचा गेमस्टॉपच्या गिऱ्हाइकांसाठी. २०१५ मध्ये ‘डेअस एक्स: मॅनकाइंड डिव्हायडेड’साठी स्क्वेअर एनिक्स या प्रकाशकाने कहर केला. जितक्या जास्त प्री-ऑर्डर तितकी बक्षिसे खुली होणार, आणि शेवटची पायरी गाठली तर गेम चार दिवस आधी मिळणार, अशी ती योजना. खेळाडू इतके भडकले की ऑक्टोबरमध्ये कंपनीला ती गुंडाळावी लागली.

‘अर्खम नाइट’ची पीसी आवृत्ती २३ जून २०१५ रोजी आली ती इतकी अडखळत, की वॉर्नर ब्रदर्सने दुसऱ्याच दिवशी तिची विक्री थांबवली आणि ऑक्टोबरअखेर ती पुन्हा सुरू केली. योगायोगाने त्याच वर्षी जूनच्या सुरुवातीला स्टीम या पीसी गेमच्या दुकानाने परताव्याचे नियम लागू केले होते. खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर पैसे परत मिळतात. प्री-ऑर्डर प्रदर्शनापूर्वी केव्हाही रद्द करता येते आणि १४ दिवसांची मुदत प्रदर्शनापासून मोजली जाते. पीसीवरच्या खेळाडूची जोखीम या नियमाने बरीच कमी झाली. सगळीकडे अशी मुभा नव्हती. निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानात प्री-ऑर्डर रद्द करता येत नसे आणि २०१८ मध्ये नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने त्याविरुद्ध आवाज उठवला.

या वादातले सर्वांत मोठे उदाहरण पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचे. ‘सायबरपंक २०७७’ तीनदा लांबणीवर पडून १० डिसेंबर २०२० रोजी आला, तेव्हा त्याच्या ८० लाख प्रती आधीच विकल्या गेल्या होत्या. डिजिटल प्री-ऑर्डरच्या उत्पन्नातूनच निर्मितीचा आणि जाहिरातीचा खर्च भरून निघाल्याचे कंपनीने लगेच जाहीर केले. प्रदर्शनापूर्वी समीक्षकांना फक्त पीसी आवृत्ती दिली गेली होती आणि चित्रफिती कंपनीने पुरवलेल्याच वापरायच्या होत्या. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या गेमयंत्रांवर गेमची काय अवस्था आहे, हे पैसे भरलेल्यांना घरी खेळायला बसल्यावरच कळले. आठवडाभरात सोनीने तो आपल्या प्लेस्टेशन स्टोअरमधून काढला आणि परतावे देऊ केले; जून २०२१ मध्ये तो परत आला. पुढे कंपनीने १८.५ लाख डॉलर देऊन जो सामूहिक दावा मिटवला, तो खेळाडूंचा नव्हे, गुंतवणूकदारांचा होता. दुरुस्त्या होत होत २०२३ पर्यंत गेम चांगला झाला, हेही खरे. पण त्याचा सर्वाधिक लाभ थांबून, कमी किमतीत घेणाऱ्यांना झाला.

समर्थकांचा मुख्य मुद्दा असा, की आधी दिसणाऱ्या मागणीमुळे नवे प्रयोग करण्याचे धाडस होते. मोठ्या प्रकाशकांच्या बाबतीत तो फारसा पटत नाही, कारण बहुतेक वेळा प्री-ऑर्डर खुली होते तेव्हा गेमवरचा बराचसा खर्च झालेला असतो. अपूर्ण गेम अपूर्णच म्हणून विकण्याची ‘अर्ली ॲक्सेस’ पद्धत त्या मानाने सरळ आहे. लॅरियन कंपनीचा ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० पासून असा विकला जात होता. पैसे भरणारा त्याच दिवशी खेळू शकत होता आणि इतरांना सांगूही शकत होता. पूर्ण गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आला.

वस्तू खरोखर मर्यादित असेल तिथे मात्र प्री-ऑर्डर अजून आपले जुने काम करते. अमेरिकेतील लिमिटेड रन गेम्स ही कंपनी अनेक गेमांसाठी ठरावीक आठवडे नोंदणी घेते आणि मागणीइतक्याच डिस्क काढते; एरवी डिजिटलच राहिले असते असे छोटे गेम त्यामुळे कपाटात ठेवता येतात. भारतात प्लेस्टेशन ५ ची नोंदणी १२ जानेवारी २०२१ रोजी दुपारी खुली झाली आणि काही मिनिटांत साठा संपला. २ फेब्रुवारीला विक्री सुरू झाली, तेव्हा ज्यांची नोंदणी हुकली होती त्यांच्यापुढे पुढच्या खेपेची वाट पाहणे किंवा ४९,९९० रुपयांच्या यंत्रासाठी जादा पैसे मोजणे, एवढेच पर्याय होते.