त्रिमूर्ती आणि त्रैक्य: आकडा तेवढा सारखा

वसईत मित्राकडे जेवायला बसलो होतो. ताटाला हात लावण्याआधी मावशींनी उजवा हात कपाळाला, छातीला, मग डाव्या आणि उजव्या खांद्याला लावला आणि पुटपुटल्या, "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने." माझ्या शेजारचा लगेच म्हणाला, "म्हणजे आपले ब्रह्मा-विष्णू-महेशच की!"

हा घोटाळा आपल्याकडे सर्रास होतो. खरं तर मावशी 'नावांनी' नव्हे, 'नावाने' म्हणाल्या होत्या. तिघं, पण नाव एकवचनी. मत्तयाच्या शुभवर्तमानातही बाप्तिस्म्याची आज्ञा अशीच आहे.

त्रिमूर्तीत कामं वाटलेली आहेत: एक निर्माण करतो, एक सांभाळतो, एक संहार करतो. ख्रिस्ती त्रैक्यात, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघं मिळून एकच देव या श्रद्धेत, अशी खाती नाहीत. निर्मिती असो की तारण, काम तिघांचं मिळून. मग वेगळेपण कशात? नात्यात. पुत्र आहे म्हणून पिता हा पिता. इथे आपला व्यवहार आडवा येतो, कारण मुलगा बापानंतरच जन्मतो. चौथ्या शतकात आरियस या ख्रिस्ती धर्मगुरूनेही हेच धरलं होतं: पुत्र नव्हता असा एक काळ होता. इ.स. 325 मध्ये नायसियाच्या धर्मसभेने ते फेटाळलं आणि सांगितलं की पुत्र निर्माण केलेला नाही, जे तत्त्व पित्याचं तेच त्याचं. पवित्र आत्म्याचीही पिता-पुत्रांबरोबरीने आराधना करायची, हे 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेत स्पष्ट झालं.

दुसरी चूक जास्त फसवी, कारण ती समजावून सांगणारेच करतात. पाणी, बर्फ, वाफ: वस्तू एक, रूपं तीन. ऐकायला झकास. पण हेच पाणी एकाच वेळी तिन्ही नसतं. यार्देन नदीतला प्रसंग बघा. येशू बाप्तिस्मा घेऊन पाण्यातून वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो, आकाशातून पित्याची वाणी येते. तिघं एकाच क्षणी हजर. एकाच देवाने वेळेनुसार तीन सोंगं घेतली, हे तिसऱ्या शतकातल्या सबेलियसच्या नावावर असलेलं मत चर्चने तेव्हाच नाकारलं होतं.

(जाता जाता: घारापुरीच्या ज्या भव्य शिल्पाला आपण त्रिमूर्ती म्हणतो, ती तिन्ही मुखं अभ्यासकांच्या मते एकट्या शिवाची, सदाशिवाची. म्हणजे घरच्या तिनांतही आपली गल्लत होतेच.)

मी त्या दिवशी मोठ्या हुशारीने बेलाचं पान पुढे केलं: देठ एक, दलं तीन. मित्र हसला. "एक दल तोडलंस तर हातात काय येतं? पानाचा तुकडा. आमच्याकडे पुत्र म्हणजे देवाचा तिसरा हिस्सा नाही, पूर्ण देव. पिताही पूर्ण, आत्माही पूर्ण. आणि देव तरीही एकच."

"मग उपमा कुठली द्यायची?"

"कुठलीही दे," तो म्हणाला, "पण ती कुठे मोडते तेही सांग."