चिप सील (घरगुती रस्त्याचे अंदाजपत्रक)

चिप सील : तयार पायावर डांबराचा पातळ थर फवारून, त्यावर एकाच मापाची बारीक खडी एकेरी पसरून व रोलरने दाबून केलेले रस्त्याचे आच्छादन. भारतात सरकारी कामांत याला सरफेस ड्रेसिंग म्हणतात, ऑस्ट्रेलियात स्प्रेड (sprayed) सील. सीलकोट हे नाव मात्र भारतात कारपेटवर (डांबर व खडी आधी कालवून पसरलेल्या थरावर) दिल्या जाणाऱ्या शेवटच्या हाताला वापरतात. दरपत्रक मागवताना हा घोटाळा हमखास होतो. न्यूझीलंडमध्ये महामार्गांचा मोठा भाग चिप सीलचा आहे. अमेरिकेच्या ग्रामीण भागात फाटकापासून घरापर्यंतच्या लांब खाजगी रस्त्यांसाठी (ड्राइव्हवे) ही पद्धत रूढ आहे. डांबरी काँक्रीटपेक्षा स्वस्त, नुसत्या खडीपेक्षा टिकाऊ, अशी तिची मधली जागा.

पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. लोकप्रिय लेखनात ती जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६–१८३६) यांच्या नावावर घातली जाते. पण मॅकॅडम यांच्या रस्त्यांत डांबर नव्हतेच. फोडलेल्या खडीचे तुकडे एकमेकांत रुतून घट्ट बसतात, एवढ्यावर त्यांचा भर होता. दुसरे नाव घेतले जाते ते नॉटिंगहॅमशरचे सर्वेक्षक एडगर पर्नेल हूली यांचे. डर्बीशरमधील डेन्बी येथे १९०१ च्या सुमारास सांडलेल्या डांबरावर कोणी लोखंडाच्या भट्टीतली मळी (स्लॅग) ओतली होती. तेवढ्या भागात धूळ नाही आणि चाकोऱ्याही नाहीत, हे त्यांनी पाहिले, अशी कथा सांगतात. १९०२ मध्ये त्यांनी टारमॅकचे एकस्व घेतले. मात्र हूलींची कृती डांबर व मळी आधी कालवून मग पसरण्याची, म्हणजे आजच्या कारपेटची पूर्वज. रस्त्यावरच डांबर ओतण्याची परंपरा शोधायची तर मोनॅकोकडे पाहणे अधिक सयुक्तिक वाटते. तेथे १९०२ मध्येच स्विस डॉक्टर अर्नेस्ट गुल्येलमिनेत्ती यांनी मोटारींच्या धुळीवर उपाय म्हणून रस्त्याला डांबर लावून दाखवले. त्यापूर्वीही असे तुरळक प्रयोग झाले असावेत.

त्या काळचे डांबर दगडी कोळशापासून मिळणारे होते. आजचे (बिट्युमेन) खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून येते. मराठीने दोहोंना एकच शब्द ठेवला. कपाटातल्या डांबरगोळ्या मात्र जुन्या अर्थाशी इमान राखून आहेत, कारण नॅप्थॅलीन कोळशाच्या डांबरातून काढले जाई. ‘डांबर’ या शब्दाचा राळ या अर्थाच्या मलाय ‘दामर’शी संबंध जोडला जातो; कोणी कोणाकडून घेतला याचा निर्वाळा देणे कठीण आहे.

डांबर किती फवारावे याला शास्त्रीय बैठक न्यूझीलंडचे अभियंते एफ. एम. हॅन्सन यांनी १९३०–४० च्या दशकात दिली. सैल पसरलेल्या खडीत साधारण ५० टक्के पोकळी असते, रोलर फिरल्यावर ती ३० टक्क्यांवर येते आणि वाहतुकीखाली २० टक्क्यांपर्यंत उतरते. खडीचा तुकडा शेवटी सपाट बाजूवर आडवा होतो आणि त्याचे सर्वांत आखूड माप उभे राहते, म्हणून थराची जाडी त्या मापाच्या सरासरीवरून काढायची आणि उरलेल्या पोकळीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग डांबराने भरायचा. कमी भरले तर खडी सुटते, जास्त भरले तर उन्हात डांबर वर येऊन चपलेला चिकटते. नंतरच्या बहुतेक पद्धती याच मांडणीच्या दुरुस्त्या आहेत.

भारतीय मानकांत १३ मिमी खडीसाठी दर चौरस मीटरला सुमारे १ किलो डांबर व ०.०१ घनमीटर खडी धरतात. फाटकापासून पोर्चपर्यंत ३० मीटर लांब, ३ मीटर रुंद रस्ता घेतला तर क्षेत्र ९० चौरस मीटर, डांबर ९० किलो आणि खडी ०.९ घनमीटर, म्हणजे एक-तृतीयांश ब्रासच्या (ब्रास म्हणजे १०० घनफूट) आत. डांबराऐवजी ६५ टक्के डांबराचे इमल्शन (पाण्यात मिसळलेले डांबर) घेतल्यास सुमारे १४० किलो लागते. २०० किलोचे पिंपसुद्धा संपत नाही. याउलट खाली ७५ मिमी खडीकरणाचा एकच थर घ्यायचा म्हटला तरी सैल खडी ९ घनमीटरच्या आसपास, तीन ब्रासहून अधिक लागते. दोन थर घेतले तर सहा. मुरूम, पाणी, दबाई आणि प्रायमर (लेपाआधी पायावर मारायचा पातळ डांबरी हात) वेगळे.

म्हणजे अंदाजपत्रकाचा भार लेपावर नसून पायावर पडतो. जुना खडीचा रस्ता वर्षानुवर्षे दबलेला असेल तर खर्च निम्म्याहूनही खाली येऊ शकतो. काळ्या मातीवर नवा रस्ता असेल तर लेपाचा दर विचारण्यात फारसा अर्थ नाही. दुसरी मेख यंत्रांची. रोलर आणि फवारणीचा बॉयलर आणण्या-नेण्याचे भाडे ९० चौरस मीटरला तेवढेच आणि ९०० लाही तेवढेच. म्हणून मोठ्या कामाचा चौरस फुटाचा दर छोट्या अंगणाला लावला की हिशेब चुकतो. शेजारचे दोन-तीन बंगले एकाच दिवशी काम काढतात ते याचसाठी. भारतात तेल कंपन्या डांबराचे दर दर महिन्याच्या १ व १६ तारखेला बदलतात, तेव्हा जुने दरपत्रक जपून ठेवण्यात हशील नाही.

दख्खनचा काळा पाषाण या कामाला चांगला. डांबर त्याला नीट धरते. कोकणातला जांभा मऊ पडतो, तेव्हा तेथे खडी बाहेरून आणावी लागते आणि वाहतुकीचा खर्च वाढतो. खडीवर कच वा धूळ असल्यास डांबर दगडाऐवजी धुळीलाच चिकटते. फवारणी तपासण्याची सोपी रीत म्हणजे वजन केलेला एक चौरस फुटाचा पत्र्याचा ट्रे फवाऱ्याच्या वाटेत ठेवून पुन्हा तोलणे. चौरस मीटरला एक किलो हे प्रमाण असेल तर त्यात साधारण ९३ ग्रॅम यायला हवेत. काम पावसाळ्यानंतर, जमीन कोरडी असताना करतात.

ड्राइव्हवेत पहिली झीज गाडी जागेवर वळते तिथे, पोर्चसमोर, दिसते. उभ्या गाडीचे चाक फिरवले की ते खडी उपटते. तेवढ्या चौकोनात काँक्रीट किंवा दुहेरी लेप घेणे आणि तो खर्च सुरुवातीलाच धरणे सोयीचे. पहिल्या आठवड्यात सुटी खडी कडेला जमते. ती झाडून एका कोपऱ्यात ठेवल्यास पुढच्या डागडुजीला उपयोगी पडते.