सरकारी दवाखान्यातल्या सीटी स्कॅन, एक्स-रे मशीनचा करार कसा मागवायचा?

सिरोंचा किंवा धारणीहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं म्हणजे दीड-दोनशे किलोमीटर. एवढं येऊन मशीन बंद सापडलं तर दुरुस्ती कोणी, किती दिवसांत करायची आणि उशीर झाल्यास कंपनीला दंड किती, हे करारात लिहिलेलं असतं. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे तो करार मागता येतो.

अर्ज भारताचा कोणताही नागरिक करू शकतो. पेशंट असण्याची गरज नाही, कारणही सांगावं लागत नाही (कलम ६(२)). मात्र ग्रामपंचायतीच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर करू नका, स्वतःच्या नावानं करा.

लागतं काय? महाराष्ट्राच्या माहिती अधिकार नियमांतल्या जोडपत्र 'अ' मधला अर्ज आणि १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, दाखल्याची प्रत जोडावी. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. प्रत्यक्ष दिला तर पोच घ्याच.

अर्ज रुग्णालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या (माहिती देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) नावे करा. खरेदी बहुधा दुसरीकडून झालेली असते: पूर्वी हाफकिन या सरकारी महामंडळामार्फत, २०२३ च्या कायद्यानंतर महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणामार्फत, कधी जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून. म्हणून शेवटी लिहा, "माहिती आपल्याकडे नसल्यास कलम ६(३) नुसार ५ दिवसांत संबंधित कार्यालयाकडे वर्ग करावी."

खरं काम प्रश्न लिहिण्यात आहे. "मशीन का बंद आहे?" असं विचारलं की अर्ज हमखास अडकतो, कारण हक्क कागदावर आहे, खुलाशावर नाही. त्यापेक्षा कागदांची नावं घ्या: पुरवठा आदेश आणि सर्व जोडपत्रांसह करारनामा, मशीन बसवल्याचा अहवाल, वॉरंटी, देखभाल करार, मागच्या दोन वर्षांचे सर्व्हिस रिपोर्ट, दंड वसुलीचे आदेश. देखभाल करार नीट वाचा. एएमसीत (साध्या वार्षिक देखभाल करारात) सुटे भाग सहसा वेगळ्या पैशांनी येतात, सीएमसीत (सर्वसमावेशक देखभाल करारात) ते धरलेले असतात. पण एक्स-रे ट्यूब आणि यूपीएसची बॅटरी वगळली आहे का, ते बघा. महागडी ट्यूब वगळलेली असेल तर ती गेल्यावर निधीची वाट पाहत मशीन पडून राहू शकतं. सेंटर खासगी कंपनी चालवत असेल तर तपासणीचे दर आणि मोफत कोणाला, ही कलमंही मागा. पेशंटची नावं मागू नका, ती खासगी आहेत.

"व्यापारी गुपित आहे" असं उत्तर येऊ शकतं. कलम ८(१)(घ) तसं म्हणतं, पण त्याच कलमात व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची मुभा आहे. निविदेचा निर्णय झाल्यावर ती गुप्त ठेवण्याचं कारण उरत नाही, असं झारखंड उच्च न्यायालयानंही म्हटलं आहे. कंपनीनं हरकत घेतली तरी निर्णय अधिकाऱ्याचाच, आणि खरोखर गोपनीय भाग झाकून उरलेला करार कलम १० खाली देता येतो.

उत्तराची मुदत ३० दिवस, कंपनीचं म्हणणं मागवायला तिला नोटीस गेली असेल तर ४०. मुदत टळली की प्रती फुकट द्याव्या लागतात. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, २० रुपयांचं स्टॅम्प लावून. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. पूर्व विदर्भासाठी आयोगाचं खंडपीठ नागपूरला आहे, पश्चिम विदर्भासाठी अमरावतीला.