भिंत न फोडता पलीकडे

टोमॅटोचं मोझॅक झालेलं पान खुडून टाकलं, तरी शेंड्याला येणारं प्रत्येक नवं पान तसंच फिकट-गडद चट्ट्यांचं का निघतं? हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्याच्या डोक्यात एक साधं गृहीतक असतं, की डाग जिथे तिथे रोग. प्रत्यक्षात डाग दिसेपर्यंत विषाणू केव्हाच पुढे गेलेला असतो. तो कसा जातो, हे मला विषाणूशास्त्रातलं सगळ्यात देखणं प्रकरण वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याला ग्रासणारे बहुतेक विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरचं एखादं प्रथिन पकडून आत शिरतात आणि पिल्लावळ झाली की बाहेर पडून पुढची पेशी गाठतात. वनस्पतीच्या पेशीभोवती सेल्युलोजची जाड भिंत असते. तिथे ही युक्ती चालत नाही. टोमॅटोलाही मोझॅक करणारा टोबॅको मोझॅक व्हायरस, म्हणजे टीएमव्ही, आत येतो तो जखमेतून. पानावरची एखादी लव तुटली, कडा खरचटली, एवढं त्याला पुरतं. इतर कित्येक विषाणूंना मावा किंवा पांढरी माशी सोंडेतून आत सोडते. पण ही घुसखोरी एकदाच. त्यानंतर विषाणूला पेशीबाहेर पडावंच लागत नाही.

कारण त्या भिंतींत बोळ आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ड टांगल यांना ते १८७९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. ‘प्लाझ्मोडेस्माटा’ हे नाव श्ट्रासबुर्गर यांनी १९०१ मध्ये दिलं. प्रत्येक बोळाला पेशीपटलाचं अस्तर असतं आणि ते पटल या पेशीतून त्या पेशीत अखंड जातं. बोळाच्या मधोमध एक बारीक नळी असते. ती आंतर्द्रव्यजालिकेचाच, म्हणजे पेशीभर पसरलेल्या पटलांच्या जाळ्याचाच, ओढून बारीक झालेला धागा. ही नळी लक्षात ठेवा, तिचं काम पुढे आहे.

आता हिशेब बघा. नळी आणि अस्तर यांच्यामधल्या फटीतून तंबाखूच्या पानात साधारण ७००-८०० डाल्टनपर्यंतचेच (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक) रेणू सहज जातात. साखरेचा रेणू ३४२ डाल्टनचा, तो आरामात जातो. टीएमव्हीचा नुसता आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय धागा, सुमारे २० लाख डाल्टनचा. अख्खा विषाणू म्हणजे ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड काठी. सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवण्यातलाच प्रकार.

उलगडा झाला तो एका बिघडलेल्या विषाणूमुळे. टीएमव्हीचा एलएस-१ हा वाण ३२ अंश सेल्सिअसला पेशीत व्यवस्थित वाढायचा, पण शेजारच्या पेशीत जायचा नाही. त्याच्या ३०,००० डाल्टनच्या एका प्रथिनात खोट होती. १९८७ मध्ये रॉजर बीची यांच्या गटाने या प्रथिनाचं धडधाकट जनुक तंबाखूच्या झाडातच घातलं, आणि लंगडा एलएस-१ त्या झाडात चालू लागला. दोन वर्षांनी अशाच झाडांच्या पेशींत चमकणारा रंग जोडलेले डेक्स्ट्रान या लांब शर्करेचे रेणू टोचून पाहिले. ९,४०० डाल्टनचे रेणूही शेजारी पोचले! फट दहापटीहून जास्त सैल झाली होती, तीही विषाणू नसताना, त्याच्या एका प्रथिनाच्या जोरावर.

या वाहक प्रथिनाला आणखी एक कला येते. ते आरएनएला ओळीने चिकटत जातं आणि त्याचा गुंता सोडवून जेमतेम दोन नॅनोमीटर जाडीचा धागा करतं. दोरखंड ओवायचा नाहीच, सूत ओवायचं. म्हणूनच शेजारच्या पेशीत जाण्यापुरती टीएमव्हीला आपल्या प्रथिनाच्या कवचाचीही गरज पडत नाही.

पण बोळाच्या तोंडापर्यंत नेतं कोण? टीएमव्हीच्या सुमारे ६,४०० अक्षरांच्या आरएनएवर जेमतेम चार प्रथिनांची कृती लिहिलेली आहे. त्यात ना इंजिन, ना चाकं. वाहतूक सगळी झाडाची. वाहक प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात रुतून बसतं, आणि ही जालिका पेशीतल्या ॲक्टिनच्या तंतूंवर, मायोसिन या ओढणाऱ्या प्रथिनाच्या जोरावर सतत हलत असते. आता ती मघाची नळी आठवा. जालिका बोळातून आरपार गेलेली आहे, म्हणजे जो जालिकेवर बसला तो पलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच बसला. शिवाय बोळाच्या गळ्याशी झाड कॅलोज नावाची शर्करा साठवून वाट आवळतं. ती विरघळवणारी विकरंही झाडाचीच असतात, आणि विषाणूला त्यांचा फायदा होतो.

सगळे विषाणू इतके हळुवार नसतात. चवळीच्या मोझॅकचा विषाणू मधली नळी मोडून काढतो, स्वतःच्या प्रथिनाचा पाइप बसवतो आणि अख्खे कण त्यातून पाठवतो.

यात विषाणूची ‘हुशारी’ शोधू नका. मक्याचं नॉटेड-१ हे प्रथिन स्वतःच्या आरएनएसह याच बोळांतून जातं, हे १९९५ मध्ये दिसलं. वाट झाडाने स्वतःसाठी ठेवलेली आहे. त्यावरून ‘झाडं एकमेकांशी बोलतात’ छापाचे व्हिडिओ बनवणाऱ्यांना मात्र दुरूनच नमस्कार.

पेशीमागून पेशी घेत विषाणू रसवाहिनीपाशी पोचला की वेग बदलतो. इथे टीएमव्हीला कवच लागतं. १९३४ मध्ये सॅम्युएल यांनी टोमॅटोच्या एका पानाला लागण केली आणि मग रोज काही झाडांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा तपासला. पहिले तीनेक दिवस विषाणू त्या पानातच होता. मग तो आधी मुळांत उतरला, पाठोपाठ शेंड्याच्या कोवळ्या पानांत गेला. मधली पूर्ण वाढलेली पानं बऱ्याच उशिरा बाधित झाली. ती साखर बाहेर धाडतात, त्यामुळे रसाचा ओघ त्यांच्यात येत नाही. तो मुळांकडे आणि शेंड्याकडे जातो, आणि विषाणू ओघाबरोबर.

म्हणजे चट्टा पाहून पान खुडलं तेव्हा शेंड्याचे कोंबही बाधित झालेले असतात. ‘व्हायरस मारणारा’ म्हणून विकला जाणारा फवारा पानाच्या पाठीवर पडतो, पेशीच्या आतल्या विषाणूला त्याचा काही पत्ता नसतो. आणि खुडताना बोटांना लागलेला रस घेऊन आपण शेजारच्या झाडाला हात लावतो, तिथल्या चार लवा मोडतात. टीएमव्हीला स्वतःहून करता न येणारी एकच गोष्ट असते, ती आपण करून दिलेली असते.