‘आरओचं आहे ना?’

पार्ल्यातल्या आमच्या घराच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. राहणं आणि सकाळचा नाश्ता, एवढंच. वायफायचा पासवर्ड लोक नंतर मागतात. बॅग टेकवली की आधी टेबलावरचा पाण्याचा जग बघून विचारतात, ‘आरओचं आहे ना?’ पहिली दोन वर्षं मी बिनदिक्कत ‘हो, हो’ म्हणायचे. स्वयंपाकघरात होतं यूव्हीचं, म्हणजे अतिनील दिव्याचं मशीन. आपण खोटं बोलतोय हे माझ्या गावीही नव्हतं, कारण भिंतीवर टांगलेल्या, नळाला जोडलेल्या कुठल्याही डब्याला आपल्याकडे आधी ‘अ‍ॅक्वागार्ड’ म्हणायचे आणि हल्ली ‘आरओ’ म्हणतात.

बाहेरून दोन्ही डबे सख्ख्या भावांसारखे. यूव्हीत पाणी आधी गाळणीतून आणि कार्बनमधून जातं, मग एका नळीत दिव्यासमोरून सरकतं. दिव्याचे अतिनील किरण, साधारण २५४ नॅनोमीटरचे, जंतूंच्या डीएनएची मोडतोड करतात. जंतू पाण्यातच राहतात, पण त्यांची पिलावळ वाढत नाही, त्यामुळे ते पोटात गेले तरी काही करू शकत नाहीत. विरघळलेल्या क्षारांना मात्र दिवा हातही लावत नाही. आरओचं (रिव्हर्स ऑस्मोसिसचं) काम याहून दांडगं. पंप पाण्याला दाब देऊन एका पडद्यातून ढकलतो (सर्व्हिसवाला त्याला ‘मेंब्रेन’ म्हणतो) आणि तो पडदा इतका बारीक की विरघळलेले क्षारसुद्धा बरेचसे अलीकडेच अडकतात. ते वाहून न्यायला पुन्हा पाणी लागतं. घरगुती मशीनमध्ये एक लिटर प्यायचं पाणी मिळवताना तीनेक लिटर मोरीत जातं. चार पाहुण्यांचं दिवसाचं बारा लिटर धरलं, तर छत्तीस लिटर, म्हणजे दोन मोठ्या बादल्या.

तेव्हा मशीन कुठलं भारी, हा प्रश्नच चुकीचा. आपल्या नळाच्या पाण्यात भीती कशाची आहे, क्षारांची की जंतूंची, ते आधी बघायचं.

महापालिकेचं पाणी येतं तलावांतून: विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा, ऊर्ध्व आणि मध्य वैतरणा. विहार तर १८६० पासून शहराला पाणी पाजतोय. हे सगळं पावसाचं अडवलेलं पाणी, त्यामुळे त्यात क्षार मुळातच कमी. माझा टीडीएस मीटर, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते सांगणारं यंत्र, आमच्या नळाला ८० च्या आसपास दाखवतो. भारतीय मानकाप्रमाणे ५०० पर्यंतचं पाणी चांगलं मानलं जातं. मग ८० मधून आरओने काढायचं तरी काय? मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही, जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओवर बंदी आणा, असं पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं. बरं, असं सगळं काढून घेतलेलं पाणी बेचव लागतं, म्हणून त्याच मशीनमध्ये पुन्हा थोडे क्षार घालायची सोय असते. आधी काढा, मग घाला, आणि दोन्हीचे पैसे आपणच द्या.

जंतूंची गोष्ट वेगळी. भांडुपला पाणी शुद्ध होतं, त्यात क्लोरीन पडतं. धोका त्यानंतरच्या प्रवासात. जुन्या वाहिन्या, आणि पाणी ठरावीक वेळेलाच येतं म्हणून एरवी त्या रिकाम्या. कुठे फट असली की आजूबाजूची घाण आत ओढली जाते. पुढे सोसायटीची खालची टाकी, पंप, वरची टाकी. आमच्या वरच्या टाकीचं झाकण एकदा आठवडाभर सरकलेलं होतं आणि आत कबुतराची पिसं तरंगत होती. टीडीएस मीटरला ती दिसली नसती. मीटर क्षार मोजतो, जंतू नाही. ८० चा आकडा बघून ‘पाणी शुद्ध’ म्हणणारा पाहुणा आणि ४०० बघून घाबरणारा पाहुणा, दोघंही फसलेले.

या मीटरवरून आठवलं. मशीन विकायला आलेल्या मुलाने माझ्या ओट्यावर जो खेळ केला, तो तुमच्याकडेही झाला असेल. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून बटण दाबलं. मिनिटभरात नळाच्या पाण्यात तपकिरी-हिरवट गाळ, आरओचं तसंच नितळ. ‘काकू, हे पिता तुम्ही!’ माझ्या पोटात खड्डाच पडला. प्रत्यक्षात पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि लोखंडाची कांडी झिजून गाळ होतो. तो गाळ त्याच्या कांडीचा, माझ्या नळाचा नाही. आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका, तोही तपकिरी होईल.

पण आरओला सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. माझी वहिनी कांदिवलीला नव्या टॉवरमध्ये राहते. तिच्याकडे महापालिकेचं पाणी पुरत नाही, टँकर येतो, त्यात बोअरचं मिसळतं. तिथे मीटर ९०० च्या वर गेला होता. बादलीला पांढरा थर, साबणाला फेस नाही, चहाची चव गेलेली. अशा घरी पाहुणे ठेवायचे तर आरओच हवा, आणि तोही आत यूव्ही असलेला, कारण मशीनच्या टाकीत पाणी साठून राहतं. तिला एवढंच सांगितलं की मोरीत जाणारं पाणी फरशी आणि संडासाला वापर, तुळशीला घालू नकोस. त्यात क्षार आणखी दाटलेले असतात.

आणखी एक गोष्ट दोन्ही मशिनींना लागू, आणि मला ती फार उशिरा कळली. आतला कार्बन क्लोरीनचा वास काढतो, म्हणजे क्लोरीनच काढतो. नळाच्या पाण्याला थोडंतरी संरक्षण असतं, मशीनमधून निघालेल्या पाण्याला काहीच नाही. म्हणून खोलीतला जग मी रोज सकाळी रिकामा करते, घासते, पुन्हा भरते. झाकणाचा, तोटीचा स्टीलचा जग. आत भांडं बुडवायची सोयच ठेवलेली नाही. यूव्हीचा दिवा वर्षाने बदलायचा, जळताना दिसला तरी, कारण त्याचा जोर उतरलेला असतो. बदलल्याची तारीख मी मशीनवर मार्करने लिहून ठेवते. विचारणाऱ्याला तीच दाखवते आणि सांगते, ‘आरओ नाही, यूव्ही आहे. इथल्या पाण्याला तेच लागतं.’

यूव्ही हात टेकतो तो पावसाच्या सुरुवातीला, नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा. मातीच्या कणांची सावली पडते आणि जंतू त्यामागे सुखरूप राहतात. वीज गेली तर दिवाच नाही. असे चार-दोन दिवस मी मशीनच्या भरवशावर राहत नाही. पाणी फडक्याने गाळते, मोठ्या पातेल्यात खळखळून उकळते आणि झाकून ठेवते. परदेशी पाहुणा असेल तर खोलीत सीलबंद बाटल्याही ठेवते. त्या दिवसांत चहाही जास्त खपतो.